प्रकल्प नोंदी: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचा अभ्यास

१५ नोव्हेंबर २०२५, नाशिक

गणित मंडळाच्या आजच्या बैठकीत प्रकल्पाचा विषय पक्का झाला. १७ जानेवारी हा द. रा. कापरेकर यांचा जन्मदिवस असून त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसमोर एखादी संख्या घेऊन तिचा सर्व बाजूंनी अभ्यास मांडावा, असे ठरले. कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले आणि गणितातील पदव्युत्तर पदवी नसतानाही संख्यांच्या अभ्यासात आपले नाव कायमचे कोरले. नाशिकमध्ये त्यांचे नाव निघाले की ६१७४ या स्थिरांकाची (सर्व अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येच्या अंकांपासून बनणाऱ्या मोठ्यात मोठ्या व लहानात लहान संख्यांची वजाबाकी करत राहिल्यास शेवटी येणाऱ्या संख्येची) आठवण होते आणि ती रास्तच आहे. पण ६१७४ वर इतके कार्यक्रम होऊन गेले आहेत की या वेळी त्यांच्या इतर कल्पनांना पुढे आणावे, असे माझे मत मी मांडले आणि ते मान्य झाले.

निवडलेली संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही आहे. ती सतरा अंकी असून भास्कराचार्यांनी दिलेल्या अठरा स्थाननामांपैकी सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचते. कापरेकरांच्या डेमलो संख्यांमध्ये तिचा समावेश होतो. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, जी.आय.पी. रेल्वेवरील डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्यांनी हे नाव दिले. ज्या संख्येचा डावा आणि उजवा भाग मिळवल्यावर एकाच अंकाची पुनरावृत्ती होते आणि मधल्या भागातही तोच अंक असतो, ती डेमलो संख्या होय. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१ आणि मध्ये ९ आहे. दोन्ही भागांची बेरीज ९९९९९९९९ येते.

संख्या दिसायला देखणी आहे आणि तीच या कामातील अडचण आहे. उलटसुलट वाचली तरी तीच संख्या, हे पाहून लोक टाळ्या वाजवतील आणि पुढे जातील. प्रत्येक गुणधर्म सांगताना त्याचे कारण सांगितलेच पाहिजे, एवढा एकच नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.

१८ नोव्हेंबर

ही संख्या १११११११११ चा, म्हणजे नऊ एककांनी बनलेल्या संख्येचा वर्ग आहे. अकरावीच्या एका विद्यार्थिनीने फळ्यावर तो गुणाकार शाळेतल्या पद्धतीने मांडला: एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १ येतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ आणि तेथून पुढे पुन्हा एकेक कमी होत जातो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. हातचा नसणे हेच या देखणेपणाचे संपूर्ण कारण आहे.

दहा एककांच्या संख्येचा वर्ग केला की मधल्या स्तंभात १० येतात, त्यांचा हातचा शेजारच्या ९ वर जाऊन तेथेही १० होतात, आणि दुसरा हातचा ८ ला ९ करतो. म्हणून उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. या उत्तराच्या डाव्या भागातून ८ गायब झालेला दिसतो. १ भागिले ८१ केल्यावर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे जे आवर्तन मिळते, त्यातही ८ नसतो आणि त्याचे कारणही हेच दोन हातचे आहेत. दशमान पद्धतीत आपली संख्या या साखळीतील शेवटची निर्दोष संख्या ठरते.

२२ नोव्हेंबर

संगणकावर पडताळा घेताना एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आणून द्यावी लागली. नेहमीच्या स्प्रेडशीटच्या चौकटीत ही संख्या टंकली तर ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते, कारण तेथे पंधराच सार्थ अंक राखले जातात. मुळात अशा आज्ञावली संख्या ज्या द्विमान स्वरूपात साठवतात, त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ही मर्यादा ओलांडल्यावर त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्याच अचूक साठवता येतात. आपली संख्या त्या टप्प्यात येते आणि ती विषम आहे, त्यामुळे ती त्या स्वरूपात बसूच शकत नाही. अंकांची बेरीज, बाकी, विभाजक या सर्व गोष्टी शेवटच्या अंकापर्यंत अचूकता मागतात. म्हणून पडताळ्यासाठी पायथन या संगणकीय भाषेतील अमर्याद लांबीच्या पूर्णांकांचा वापर करावा आणि जे कागदावर होईल ते कागदावरच करावे, असे ठरवले. पुढील नोंदींतील जवळजवळ सर्व काम कागदावर झाले आहे.

२९ नोव्हेंबर

मूळ (अविभाज्य) अवयव काढले. १११११११११ या संख्येत १११ हा गट तीनदा येतो, म्हणून ती १११ × १००१००१ अशी फुटते. १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ ही मूळ संख्या आहे काय, हा प्रश्न उरतो. तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या दरम्यान आहे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. परंतु थोडा विचार केला की हे काम बरेच आटोपशीर होते आणि तो विचार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा, अशी माझी इच्छा होती.

समजा एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागेल, आणि म्हणून एकाला तिने भागल्यावर मिळणाऱ्या दशांश अपूर्णांकाचे आवर्तन १, ३ किंवा ९ अंकांचे असले पाहिजे. आवर्तन १ किंवा ३ अंकांचे असेल तर ती संख्या ९९९ ला भागेल, म्हणजे ती ३ किंवा ३७ असेल. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ३ बाद; ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १ उरते, म्हणून ३७ ही बाद. आता नऊ अंकी आवर्तनाचीच शक्यता उरते. मूळ संख्येच्या बाबतीत आवर्तनाची लांबी त्या संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला भागते, त्यामुळे आपला संभाव्य भाजक ९ च्या पटीपेक्षा एकाने मोठा, आणि विषम असल्याने १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असला पाहिजे. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत मोजक्याच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. १९ ने भागल्यास बाकी ८ उरते, ५७७ ने भागल्यास १६१, आणि मधल्यांपैकी कोणीही निःशेष भागत नाही. ३३३६६७ मूळ आहे.

म्हणून आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. घातांकांत प्रत्येकी एक मिळवून गुणले की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक मिळतात; वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या विषमच येते, ते येथेही खरे ठरते. जाता जाता नोंदवावेसे वाटते की ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ आहे. भिंतीवर लावण्याच्या तक्त्यावर ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी, असा आग्रह दोन्ही विद्यार्थिनींनी धरला आहे आणि तो मला पटतो.

६ डिसेंबर

कापरेकर संख्येची व्याख्या अशी: संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवले की मूळची संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. हीच कृती १११११११११ वर करून पाहिली. वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१ आणि डावीकडचे आठ अंक १२३४५६७८, बेरीज ९९९९९९९९९. सुरुवातीची संख्या परत मिळाली नाही, तिची नऊपट मिळाली.

कारण शोधताना गटातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ही कृती लहान संख्यांवर करून पाहण्याची सूचना केली आणि ती फार उपयोगी पडली. ११ चा वर्ग १२१: १ + २१ = २२. १११ चा वर्ग १२३२१: १२ + ३२१ = ३३३. ११११ चा वर्ग १२३४३२१: १२३ + ४३२१ = ४४४४. जितके एकक, तोच अंक तितक्या वेळा. नऊ अंकांवर तुकडा पाडून मिळवणे म्हणजे ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी जपणे होय, कारण १००००००००० ला ९९९९९९९९९ ने भागल्यास बाकी १ उरते. त्याच न्यायाने चार एककांच्या बाबतीत ९९९९ ने भागल्यावरची बाकी जपली जाते. ९९९९ म्हणजे ९ × ११११, म्हणून ११११ × ११११ ला त्याने भागताना खरा प्रश्न एवढाच उरतो की दुसऱ्या ११११ ला ९ ने भागल्यावर बाकी किती. ती अंकांच्या बेरजेइतकी, म्हणजे ४. म्हणून ४ × ११११. नऊ एककांच्या संख्येला ९ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे बाकी शून्य येते आणि तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ ची पट असणे भाग पडते. ती बेरीज शून्य नाही आणि दुपटीइतकी मोठीही नाही, म्हणजे ती ९९९९९९९९९ च आहे.

शिवाय ९९९९९९९९९ ही स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८०००००००१ असून तुकडे मिळवले की तीच परत येते, आणि हा वर्ग आपल्या संख्येच्या बरोबर ८१ पट आहे.

१३ डिसेंबर

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिच्या अवयवांत ३ चा चौथा घात आहे, म्हणून ती हर्षद आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ एककांच्या वर्गांपैकी आणखी कोण हर्षद आहे, हे पाहणे सोपे निघाले. त्या वर्गातील अंकांची बेरीज एककांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते, त्यामुळे एककांच्या संख्येने एककांच्या ओळीला भाग जातो का, एवढेच तपासायचे. सम संख्या आणि ५ लगेच बाद होतात, सात एककांच्या संख्येला ७ ने भाग जात नाही, आणि उरतात १, ३ व ९. आजचे काम येथेच संपले.

२२ डिसेंबर

आज राष्ट्रीय गणित दिन. मंडळाची बैठक जास्त वेळ चालली आणि प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा भाग आज हाती आला, म्हणून ही नोंद सविस्तर करत आहे.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते आणि पहिली संख्या दुसरीची जनक ठरते. २१ मध्ये २ + १ मिळवले की २४. २४ ची जनक २१. काही संख्यांना मात्र जनकच नसते. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले. त्यांच्या गावावरून त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात, आणि १९७५ मध्ये गणितविषयक लेखक मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभरच्या वाचकांना त्या माहीत झाल्या. डोंबिवलीच्या नावाची आपली संख्या देवळालीच्या नावाचीही आहे काय, हा आजचा प्रश्न होता.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ असते. म्हणून जनक असलीच तर ती आपल्या संख्येपेक्षा १५३ हून अधिक लहान असू शकत नाही; आणि आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ३२१ असल्याने जनकाचे पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ हेच राहतात. त्या चौदा अंकांची बेरीज ७५ आहे. आता शेवटचा तीन अंकी तुकडा आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून ३२१ – ७५ = २४६ झाली पाहिजे. सतरा अंकी प्रश्न तीन अंकी झाला. २४० + ६ = २४६. दुसरा कोणताही तुकडा चालत नाही. म्हणून आपली संख्या स्वयंभू नाही. तिची एकच जनक आहे, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि ती तिच्यापेक्षा बरोबर ८१ ने लहान आहे.

येथे थांबता आले असते, पण एका विद्यार्थिनीने विचारले की मग या जनकाची जनक कोण. तीच रीत पुन्हा लावली: शेवटचा तुकडा आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून २४० – ७५ = १६५ हवी. १४० ते १४९ मधून १४५, १४७ अशा विषम संख्या मिळत जातात आणि त्या १६३ वर थांबतात. १५० ते १५९ मधून १५६ ते १७४ पर्यंत सगळ्या सम संख्या मिळतात. १६० पासून पुन्हा विषम संख्या सुरू होतात, पण त्या १६७ पासून. १४० च्या खाली १५२ च्या पुढे काहीच जात नाही. १६३ आणि १६७ यांच्यामधल्या फटीत १६५ कोणाच्याच हाती लागत नाही. म्हणजे १६५ स्वयंभू आहे, आणि म्हणून १२३४५६७८९८७६५४२४० ही सतरा अंकी संख्याही स्वयंभू आहे.

आपली डेमलो संख्या एका देवळाली संख्येतून जन्मली आहे. ज्या १६५ ने हा निकाल दिला, तो स्वतः डेमलो संख्याही आहे, कारण त्यात १ + ५ = ६. फळ्यावर हे लिहून झाल्यावर काही वेळ कोणीच खडू खाली ठेवला नाही. प्रत्येक जण शेजारी-शेजारी तोच हिशोब पुन्हा करून पाहत होता. असा आनंद यंत्राने दिलेल्या उत्तरातून मिळत नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो.

आणखी एक बाब त्यातूनच निघाली. जनकाच्या अंकांची बेरीजही ८१ आहे आणि आपल्या संख्येतून ८१ वजा करून ती मिळते, त्यामुळे तिलाही ८१ ने भाग जातो. ती हर्षदही आहे. पुढे आपल्या संख्येत ८१ मिळवल्यास १२३४५६७८९८७६५४४०२ येते आणि तिच्याही अंकांची बेरीज ८१ च भरते. म्हणजे स्वयंभू संख्येपासून सुरू होणाऱ्या या धारेतील पहिल्या तिन्ही संख्या हर्षद आहेत. चौथी १२३४५६७८९८७६५४४८३ असून तिच्या अंकांची बेरीज ९० आहे. ती विषम असल्याने ९० ने भाग जाणे शक्य नाही आणि तेथे हा क्रम तुटतो.

जनक संख्येचे अवयवही सहज मिळतात. १११११११११ चा वर्ग उणे ९ चा वर्ग, म्हणून ती १११११११०२ × १११११११२० आहे.

२८ डिसेंबर

शंका अशी होती की जे आपल्या संख्येबाबत घडले ते तिच्या सर्व भावंडांबाबत घडत असेल, तर त्याला विशेष म्हणता येणार नाही. म्हणून एक ते नऊ एककांचे सर्व वर्ग तपासले. १ आणि १२१ स्वतःच स्वयंभू आहेत. १२३२१ ची जनक १२३१२ आहे, पण तिला १२२९४ आणि १२३०३ अशा दोन जनक आहेत. १२३४३२१ ला १२३४२९५ आणि १२३४३०४ या दोन जनक असून दोन्ही स्वयंभू नाहीत. पाच, सहा आणि आठ एककांच्या वर्गांना प्रत्येकी एकच जनक असून तीही स्वयंभू नाही. सात एककांच्या वर्गाची, १२३४५६७६५४३२१ ची, जनक मात्र १२३४५६७६५४२६५ आहे, आणि तिचा प्रश्न २२२ वर येऊन थांबतो. २२२ स्वयंभू असल्याने तीही स्वयंभू ठरते.

तेव्हा स्वयंभू जनक असणे हा गुण सात आणि नऊ या दोघांचा आहे, हे तक्त्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे. सातची जनक हर्षद नाही: तिच्या अंकांची बेरीज ५६ आणि ती स्वतः विषम आहे. स्वयंभू आणि हर्षद हे दोन्ही गुण एकाच जनकात असणे, हे या नऊ वर्गांत केवळ १२३४५६७८९८७६५४३२१ च्या वाट्याला आले आहे.

४ जानेवारी २०२६

मांडणीचा क्रम ठरवला. आधी हातच्याशिवायचा गुणाकार, मग तुकड्यांची बेरीज, शेवटी जनकाचा शोध. अवयवांचा भाग वेगळ्या तक्त्यावर राहील, कारण आवर्तनाचा युक्तिवाद उभ्याने ऐकण्यासारखा नाही. आठवी-नववीच्या मुलांना १६५ ची फट स्वतः शोधता यावी म्हणून १४० ते १६९ या संख्या छापलेले कागद आणि पेन्सिली ठेवायच्या आहेत.

दहा एककांचा वर्ग, १२३४५६७९००९८७६५४३२१, आज सहज तपासला. शेवटचे तीन अंक सोडून उरलेल्यांची बेरीज ७६, म्हणून तुकडा आणि त्याचे अंक मिळून २४५ हवेत; २३५ + १० = २४५. जनक १२३४५६७९००९८७६५४२३५, आणि तिची स्वयंभूता तपासण्यासाठी २३५ – ७६ = १५९ कडे पाहावे लागते; १४७ + १२ = १५९, म्हणून ती स्वयंभू नाही. अकरा एककांपासून पुढचे काम दोघी विद्यार्थिनींनी वाटून घेतले आहे.